ओयदिन आपाचे साडेसात

३ एप्रिल

खोटं बोलले. समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघून, चहा ओतता ओतता, एक थेंबही न सांडता!

सर्विनोझची आई आली होती, खोसियत. बाजारात रेशमी कापडाचं दुकान आहे तिचं. त्यामुळे कुणाच्याही घरी गिऱ्हाईकासमोर बसल्यासारखीच बसते. मुलगी पाच महिने माझ्याकडे इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय, तिला परदेशी पाठवायचीय, वगैरे वगैरे. दोन पेले चहा संपला. मग म्हणाली, "आपा, चौकात तो नवा वर्ग निघालाय ना, त्यांनी दारावर मास्तरांचा फोटो लावलाय. हा एवढा! खाली त्यांचे स्वतःचे गुण — नऊपैकी साडेआठ. तुमचे किती हो?"

आणि माझं तोंड म्हणालं, "साडेसात."

मी नाही म्हणाले. तोंड म्हणालं.

नऊ वर्षं मुलांना या परीक्षेला बसवतेय. भिंतीवर बासष्ट फोटो आहेत, प्रत्येकाच्या हातात गुणांचा कागद. मी स्वतः एकदाही बसलेली नाही! कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सतरा वर्षं शाळेत जर्मन शिकवलं. मग एक दिवस मुख्याध्यापक म्हणाले, जर्मन बंद झालं, ओयदिन आपा. पुढच्या वर्षीपासून इंग्रजी शिकवा, नाहीतर शिवण. शिवण मला येत नव्हतं. म्हणून इंग्रजी.

खोसियत खूश होऊन गेली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "साडेसात पुष्कळ झाले हो आमच्या कोकंदला."

४ एप्रिल

सकाळी डोळे उघडले तर आधी साडेसात आठवले. मग नळाला पाणी नाही हे आठवलं.

७ एप्रिल

आज छोट्या उत्तरांचे प्रश्न घेतले. नियम सोपा आहे — उत्तर तीन शब्दांत. चौथा शब्द लिहिला की उत्तर बरोबर असलं तरी शून्य. आमच्या लोकांना हा नियम म्हणजे शिक्षा! कुणी रस्ता विचारला तरी आम्ही आधी त्याला आत बोलावतो.

मुरोदिलची तर पंचाईतच होते. गुरांचा डॉक्टर आहे, एकोणचाळीस वर्षांचा. हात असे की पेन्सिल त्यात काडीसारखी दिसते. मेंढ्यांच्या रोगांवर परदेशात शिकायचंय, त्यासाठी एकूण सहा गुण पाहिजेत. प्रश्न होता: ग्रंथालय का बंद ठेवले? उताऱ्यात स्पष्ट होतं. याने लिहिलं — 'कारण बिचाऱ्यांचं छप्पर गळत होतं आणि पुस्तकं भिजायची भीती होती.'

"मुरोदिल, किती शब्द झाले?"

"मोजले नाहीत, आपा. पण खरं आहे ना?"

"खरं आहे. गुण शून्य."

"म्हणजे खरं बोलून शून्य!"

सगळा वर्ग हसला. मी खडू शोधायला वळले. खरं बोलून शून्य, खोटं बोलून साडेसात.

आमच्या ह्यांना मात्र या भागात पैकीच्या पैकी मिळतील. अंगणात बसून पाळणे घडवतात, दिवसभरात बोलतात ते सगळं उत्तरपत्रिकेत मावेल. "जेवलात?" — "हो." "कसं होतं?" — "मीठ." तेवढ्यावर मी ओळखायचं, जास्त की कमी.

१० एप्रिल

सर्विनोझचा निबंध तपासला. सतरा वर्षांची मुलगी, अक्षर मोत्यासारखं, एक चूक नाही. आणि एकही वाक्य तिचं स्वतःचं नाही! 'आजच्या आधुनिक युगात हा एक ज्वलंत प्रश्न बनला आहे' — विषय काय, तर कुत्री पाळावीत का. मागच्या आठवड्यात अंतराळयानांवरच्या निबंधात हेच वाक्य. त्याआधी साखरेवर. ज्वलंतच.

कुठूनतरी चाळीस तयार निबंध मिळवून पाठ केलेत. तपासणारे वेडे नसतात, पाठ केलेलं पहिल्या ओळीत ओळखतात, हे मी तिला समजावलं. मग विचारलं, "तुझं मत काय आहे?"

"कशाबद्दल?"

"कुत्री पाळण्याबद्दल."

तिने वही बंद केली. मग अगदी मनापासून म्हणाली, "आईला विचारून उद्या सांगते."

हसू आलं, पण नंतर भांडी घासताना हसू गेलं. प्रश्नपत्रिका विचारते, तुमचे मत लिहा. इथे मत कुणी कधी मागितलेलंच नसतं! थोरांचं ऐकायचं, मान हलवायची, चहा भरायचा. आणि मग एक दिवस एका परक्या भाषेत, चाळीस मिनिटांत, अडीचशे शब्दांत मत द्या म्हणे.

१२ एप्रिल

अर्ज भरला! मी! बावन्न वर्षांची बाई, चोरून परीक्षेचा अर्ज भरते. १७ मे, फरगाना. कोकंदमधलं कुणी दिसू नये म्हणून मुद्दाम फरगाना. सर्विनोझला तिची आई ताश्कंदला बसवणार आहे, मुरोदिलची परीक्षा जूनमध्ये. कुणाला कळायचं नाही. साडेसात म्हणाले आहे, तर साडेसात आणून दाखवते. निदान ते खोटं तरी राहणार नाही.

१६ एप्रिल

घड्याळ लावून पहिला निबंध लिहिला. चाळीस मिनिटं संपली तेव्हा मी दुसऱ्या मुद्द्याच्या मध्यावर होते. शब्द मोजले — चारशे बारा! शेवट नाहीच. हाच निबंध मुरोदिलने दिला असता तर मी लाल पेनने त्याची चामडी लोळवली असती.

तेवढ्यात हे आत आले. टेबलावर घड्याळ, कागद, माझे विस्कटलेले केस. म्हणाले, "काय झालं?"

सगळं सांगितलं. खोसियत, साडेसात, फरगाना. सांगायला पंधरा मिनिटं लागली. ह्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"मग दे परीक्षा."

"आणि नापास झाले तर?"

"यात नापास असतं?"

नसतं. यात नुसते गुण असतात. हे मुलांना मीच दर महिन्याला सांगते!

२३ एप्रिल

मुरोदिलचा निबंध. विषय: संग्रहालयांना प्रवेश फुकट असावा का. पहिला परिच्छेद संग्रहालयाचा. दुसऱ्यात — 'उदाहरणार्थ, मेंढी.'

मी वाचायची थांबले. "मुरोदिल, संग्रहालयात मेंढी कुठून आली?"

"आपा, फुकटच्या गोष्टीची किंमत राहत नाही हा मुद्दा आहे. मागे फुकट लस टोचली तेव्हा निम्मे लोक मेंढ्या घेऊन आलेच नाहीत. थोडे पैसे घ्यायला लागलो, तर रांग!"

मुद्दा बिनतोड होता. सर्विनोझने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, जणू असं उदाहरण देता येतं हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. तिच्या निबंधांत सगळी उदाहरणं 'एका प्रसिद्ध विद्यापीठातील संशोधकांची' असतात. हे संशोधक तिने कधी पाहिलेले नाहीत. मुरोदिलने मेंढी पाहिलेली आहे.

मी त्याला म्हटलं, मेंढी ठेव. फक्त एकच ठेव, कळप नको.

२ मे

तुतीचा बहर. अंगणभर जांभळे डाग, माझ्या वहीवरही.

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवते. विषय दिला होता — मुलांनी पुढे काय करायचं ते आईवडिलांनी ठरवावं की मुलांनी. पाठ केलेलं एक वाक्य जरी दिसलं तरी कागद परत, असा दम दिला होता. सर्विनोझ तीस मिनिटं नुसती पेन्सिल चावत बसली. शेवटच्या दहा मिनिटांत लिहिलं. जेमतेम नव्वद शब्द. व्याकरणाच्या सहा चुका, तिच्या आयुष्यातल्या पहिल्याच बहुतेक!

लिहिलं होतं: 'आईवडिलांनी ठरवायला हरकत नाही, पण आधी विचारायला हवं. मला आजवर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उत्तर पाठ करून सांगितलं असतं. माझे आजोबा मोठ्या कालव्याच्या फाटकावर पाणी सोडायचे. कुणाच्या शेतात किती वेळ, हे त्यांच्या हातात होतं, आणि त्यांच्याशी कुणी भांडलं नाही. मला ते शिकायचं आहे. पाणी सगळ्यांना कसं पुरवायचं ते.'

तीनदा वाचलं. लाल पेन खाली ठेवलं, परत उचललं. शेवटी लिहिलं — शब्द कमी आहेत. बाकी काही कमी नाही.

९ मे

सुट्टी. तीन निबंध लिहिले. ३९५, ३८८, ४०१. माझी गाडी उतारावर लागल्यासारखी असते, ब्रेकच नाही.

१६ मे

वर्गात सांगितलं, उद्या वर्ग नाही, फरगानाला मावशीला बघायला जायचंय. मावशी वारून अकरा वर्षं झाली. देवा, एका खोट्याला किती पिल्लं होतात!

मुरोदिल म्हणाला, "मावशीला सलाम सांगा, आपा."

सांगेन म्हटलं.

१७ मे

लिहिते आहे, पण बोटं अजून आखडलेली आहेत.

सकाळी शेअर टॅक्सीने निघाले. डोक्याला मोठा रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. परीक्षेच्या इमारतीसमोर पन्नाससाठ पोरं रांगेत, सगळी विशीच्या आतली. एकाने उठून मला खुर्ची दिली आणि विचारलं, "आजी, नातीला घेऊन आलात?"

"नात आत गेलीय," म्हणाले. आणखी एक पिल्लू!

रांग पुढे सरकली. माझ्यापुढच्या मुलीने ओळखपत्र काढायला मान वळवली. सर्विनोझ! ताश्कंदच्या जागा भरल्या होत्या म्हणून ऐनवेळी फरगाना मिळालं होतं. तिने माझ्या हातातला अर्जाचा कागद पाहिला. मग अगदी हळू म्हणाली, "आपा, चष्मा काढा. फोटो काढतात आत."

बस, एवढंच. पुढे वळली.

आत ऐकण्याचा भाग बरा गेला, वाचनाचा तर छानच. छोट्या उत्तरांत बोटांवर शब्द मोजत होते, एक-दोन-तीन, लहान मुलीसारखी. मग निबंध. विषय — शहरात मोकळ्या जागी झाडं लावावीत की घरं बांधावीत. माझा आवडता विषय! तिथेच घात झाला. लिहायला बसले आणि तुती आठवली, आमच्या गल्लीतली कापलेली चार झाडं आठवली, ती कापणारा मनुष्य आठवला. त्याला चांगला फैलावर घेतला. वेळ संपल्याची घोषणा झाली तेव्हा 'म्हणून शेवटी' एवढंच लिहून झालं होतं. म्हणून शेवटी काय? देव जाणे!

बोलण्याच्या परीक्षेला समोर एक हसरा तरुण होता. तो म्हणाला, तुमच्या कामाबद्दल सांगा. मी इतकं सांगितलं की त्याला मला थांबवावं लागलं.

बाहेर सर्विनोझ तंदुरातले गरम सामसे घेऊन बाकावर थांबली होती. दोन तिला, दोन मला. मी म्हणाले, "तुला काय सांगू..."

"मला माहीत होतं, आपा."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. तुम्ही आम्हाला नेहमी सांगता, हॉलमध्ये अंगठा घेतात म्हणे, पाणी नेऊ देतात असं ऐकलंय. 'मी गेले होते तेव्हा' असं कधीच म्हणाला नाहीत." सामशाचा घास गिळून म्हणाली, "नीट ऐकायला तुम्हीच शिकवलंत ना."

पाच महिने! पाच महिने हिला माहीत होतं, आणि आई घरी जाऊन साडेसात-साडेसात करत होती तेव्हा ही गप्प बसली.

"आईला का नाही सांगितलंस?"

"तिने मला विचारलं नाही."

आम्ही दोघी इतक्या हसलो की सामसेवाला बाहेर येऊन बघून गेला.

१८ मे

दिवसभर झोपले. ह्यांनी स्वतः पलाव केला. मीठ जास्त. मी बोलले नाही.

३० मे

निकाल.

ऐकणे साडेसात. वाचन आठ. बोलणे आठ. एकूण — साडेसात! मी ओरडले ते शेजारच्या अंगणात ऐकू गेलं. हे हातोडी टाकून धावत आले, त्यांना वाटलं मला विंचू चावला. साडेसात! अगदी तेच! जसं काही तोंडाला आधीच माहीत होतं.

मग खालची ओळ पाहिली. लेखन — सहा.

पुन्हा पाहिली. सहा.

नऊ वर्षं मी काय शिकवते? लेखन! भिंतीवरच्या बासष्टांपैकी निम्म्यांना लेखनात साडेसहाच्या वर आहेत. बाई स्वतः सहा.

संध्याकाळी सर्विनोझचा फोन. तिचे एकूण साडेसहा. "आणि लेखन?" मी विचारलं. "आपा, तुमचं आधी सांगा." सांगितलं. मग बारीक आवाजात — "माझे सात."

मी रडले का? थोडी. आनंदाने की कशाने ते माहीत नाही, दोन्ही एकाच डोळ्यातून येत होतं.

३१ मे

आता गंमत अशी की मला काहीच करायला नको. साडेसात म्हणाले होते, साडेसात आहेत. कागद पेटीत ठेवायचा, विषय संपला. लेखनाचे कुणी विचारणार नाही. सर्विनोझ तोंड उघडणार नाही.

दिवसभर तेच घोळवलं. पीठ मळताना बरं वाटायचं, भाकरी थापताना वाईट.

२ जून

कागद भिंतीवर लावला. त्रेसष्टावा. मध्यभागी, डोळ्यांच्या उंचीवर. वर्ग भरल्यावर सांगून टाकलं — कधीच बसले नव्हते, खोटं बोलले, मग गेले, हे असे गुण आले. तीन मिनिटांत सांगितलं. आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं उत्तर.

सहाही जणांनी माना वळवून भिंतीकडे पाहिलं. मुरोदिल उठला, कागदाजवळ जाऊन नाक लावून वाचला.

"आपा! लेखन सहा! मी सराव परीक्षेत सहाच आणतो! म्हणजे मीही मास्तर, मुअल्लिम झालो!"

वर्ग हशात फुटला. मीही.

पण सगळे नाही हसले. दोन मुलगे निघताना डोळे चुकवत होते. बहुतेक येणार नाहीत.

३ जून

ते दोघे चौकातल्या वर्गाला गेले. साहजिक आहे. वाईट वाटलं, पण पोटात दुखलं नाही.

दुपारी खोसियत! अंगणातूनच आवाज. "आपा, हे काय ऐकतेय मी? तेव्हा साडेसात म्हणालात ते?"

"तेव्हा खोटं होतं. आता खरं आहे."

"म्हणजे?"

"बसा. चहा घ्या. सांगते."

चहा घेतला नाही. उभ्यानेच सगळं ऐकलं. मी म्हटलं, तुमच्या मुलीला लेखनात माझ्यापेक्षा एक पूर्ण गुण जास्त आहे.

"जास्त? तुमच्यापेक्षा? मुअल्लिमेपेक्षा?"

"एक पूर्ण गुण."

खोसियतचा चेहरा बघण्यासारखा होता. राग एका दारातून बाहेर चालला होता आणि अभिमान दुसऱ्या दारातून आत येत होता. दोघांची मधेच टक्कर! शेवटी बसली. चहा घेतला. म्हणाली, "हे मी बाजारात सांगितलं तर चालेल ना?"

"सांगा."

"सगळ्यांना सांगणार."

"सांगा हो!"

मग दुसरा पेला हातात घेऊन एकदम आठवल्यासारखी भडकली. "पण तिला शिकवलंत काय तुम्ही? काल जेवताना तिच्या बापाने परदेशाचं काढलं, तर मुलगी चमचा खाली ठेवून म्हणते, 'या प्रश्नाला दोन बाजू आहेत, बाबा.' दोन बाजू! आमच्या घरात! पहिली बाजू सांगितली, दुसरी सांगितली, प्रत्येकीला उदाहरण दिलं, आणि मग म्हणे, 'माझं मत असं की मला ताश्कंदला पाण्याचं शिक्षण घ्यायचंय.'"

"मग बाबा काय म्हणाले?"

"तो वेडा हसायलाच लागला! म्हणाला, अगदी माझ्या वडिलांसारखी बोलली. झालं! दोघं एक झाले, मी एकटी पडले." पेल्यातलं पान बोटाने काढत राहिली. मग हळूच, "मी विचारलंच नव्हतं हो तिला कधी."

जाताना रेशमाचा एक तुकडा ठेवून गेली. निळा. नको नको म्हटलं तर म्हणाली, "सहा गुणांना एवढंच बसतं."

अशी जीभ आहे बाईची! आवडायला लागलीय मला.

७ जून

कुर्बानीची ईद, कुर्बान हयीत, दुसरा दिवस. मुरोदिल तीन दिवस झोपलेला नाही म्हणे. सगळ्या गल्लीच्या मेंढ्या त्यानेच तपासल्या. मांस घेऊन आला आणि आमच्या तिवईवर बसल्या बसल्या घोरू लागला. ह्यांनी त्याच्यावर चादर टाकली.

१४ जून

सर्विनोझ आता मला शिकवते. मी निबंध लिहायचा, तिने शेजारी बसायचं. अडीचशे झाले की ती पेन्सिलीने टेबलावर टकटक करते. "थांबा, आपा. आता शेवट." आज दोनशे एकोणनव्वदवर थांबले आणि शेवट केला. तिने कपाळाला हात लावून सलाम केला.

२१ जून

मुरोदिलला एकूण साडेसहा! लेखन साडेसहा! म्हणजे हाही माझ्या पुढे गेला. परीक्षेत विषय शहरातल्या गर्दीचा होता. 'मेंढी घातलीस ना?' — 'एकच, आपा.'

आता त्याला अर्जासोबत एक निबंध द्यायचाय — मला हा अभ्यासक्रम का हवा. तो म्हणाला, एक नमुना लिहून द्या. मी म्हणाले, नमुने मी देत नाही, नऊ वर्षं दिले नाहीत.

"माझा नको. तुमचा लिहा. समजा तुम्हालाच जायचंय. आम्हाला सारखं 'स्वतःचं लिही, स्वतःचं लिही' म्हणता. एकदा लिहून दाखवा!"

सर्विनोझने लगेच घड्याळ लावलं. दोघांचं आधीच ठरलेलं होतं की काय, कोण जाणे.

लिहिलं. असं लिहिलं की चाळिसाव्या वर्षापर्यंत मी जर्मन शिकवलं. तेव्हा मला सांगितलं की ते आता कुणाला नको. मी दुसरी भाषा घरात बसून शिकले, पुस्तकातून, रेडिओवरून, मुलांच्या चुकांतून. दोन भाषा शिकवल्या. ज्या देशांत त्या बोलतात त्यांतला एकही पाहिला नाही. बासष्ट जणांना दारापर्यंत सोडलं. मला एकदा शेवटच्या बाकावर बसायचंय. दुसरं कुणीतरी फळ्याशी उभं असावं, मी वही उघडावी, आणि चुकल्यावर कुणीतरी माझ्या वहीवर लाल पेनने लिहावं.

दोनशे सत्त्याण्णव शब्द. शेवटासकट!

मुरोदिलने वाचलं. नेहमी बडबडणारा मनुष्य, नुसतं नाक पुसलं. सर्विनोझने कागदाची घडी केली. "नमुना म्हणून ठेवते."

ठेव म्हटलं.

५ जुलै

जर्दाळू छपरावर वाळत घातले. मुरोदिलचा अर्ज गेला. नवीन तुकडीत अकरा जण आलेत! खोसियतने बाजारात काय सांगितलं असेल देव जाणे. एक बाई म्हणाली, "जिथे मुलं मुअल्लिमेच्या पुढे जातात तो वर्ग हाच ना?"

हाच, म्हटलं.

२१ जुलै

सकाळी फोनवर एक पत्र. 'आदरणीय ओयदिन...' वाचलं. दुसऱ्या कुणाचं तरी असणार म्हणून पुसायला निघाले होते. मग नाव पुन्हा वाचलं, आडनावही. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी दहा महिन्यांचा अभ्यासक्रम, सगळा खर्च त्यांचा. 'आपला अर्ज व निबंध आवडला. गुरुवारी दुपारी तीन वाजता फोनवर मुलाखत.'

मी अर्ज केलेला नाही!

मुरोदिलला फोन केला. तो आधीच ओरडला, "आपा, शिव्या नंतर द्या! अर्ज आम्ही दोघांनी भरला. भिंतीवरच्या तुमच्या गुणांच्या कागदाचा फोटो मी काढला. निबंध सर्विनोझने उतरवला. एकूण सात हवे होते, लेखनात किमान सहा. किमान सहा, आपा!"

ह्यांना वाचून दाखवलं. दोनदा. मग चष्मा लावून त्यांनी स्वतः तिसऱ्यांदा वाचलं, इंग्रजीतलं एक अक्षर येत नसताना. उठून अंगणात गेले. बराच वेळ रंधा चालल्याचा आवाज नाही. बघायला गेले तर हत्यारं एकेक करून पेटीत भरत होते.

म्हणाले, "गुरुवारी काम बंद ठेवतो. पलीकडच्या माणसाला तुझा आवाज नीट ऐकू जायला हवा."